बादलीत टाकलेली साक्ष

आमच्या घुग्घुसात दगडाची जेवढी परीक्षा होते तेवढी माणसाची होत नाही. हे वाक्य रागाच्या भरात लिहिले आहे हे कबूल. परंतु ते खोटे नाही. खाणीतून कोळसा निघाला की त्याचा नमुना घेतात, दळतात, जाळून पाहतात आणि त्यातून उष्णता किती निघते यावरून त्याची प्रत ठरवितात. १ जानेवारी २०१२ पासून या प्रती १७ आहेत. एका प्रतीच्या फरकाने भाव बदलतो, म्हणून विकणारा आणि घेणारा असे दोघेही त्या मूठभर भुकटीवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतात. सिमेंटचे ठोकळे पाडून ते २८ दिवस पाण्यात ठेवतात आणि मग दाबून फोडून पाहतात. आणि याच गावातल्या माणसाच्या अंगातून लिंबाएवढी गाठ निघाली, तर ती तपासणीला न जाता कधी कधी सरळ बादलीत जाते!

सणासुदीच्या दिवसांत, चकलीचा तुकडा मोडता मोडता, हा असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर साधे आहे. दिवाळी अंक घरातली चार माणसे वाचतात. आजोबा वाचतात, सूनबाई वाचते, शिकावयास गेलेला नातू सुटीत आला की तोही वाचतो. जी गोष्ट चौघांनीही ऐकावयास हवी, ती चौघे एका छपराखाली असतानाच सांगितलेली बरी. एरवी ती ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला एकट्यालाच, आणि तीही दवाखान्याच्या बाकावर, ऐकावी लागते.

मी डॉक्टर नव्हे. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात मी ३१ वर्षे तंत्रज्ञ होतो. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली ज्या काचा पाहतात, त्या तयार करणाऱ्यांपैकी मी एक. निदान करणे हे माझे काम नव्हते आणि आजही नाही. पण निदान कशावर उभे राहते आणि कशापायी कोसळते, हे मी रोज हातांनी अनुभवलेले आहे. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

प्रथम त्या काचेची ओळख करून देतो. शरीरातून तुकडा बाहेर पडला की त्याचा नाश सुरू होतो. तो थांबविण्यासाठी त्याला ताबडतोब फॉर्मलिनमध्ये बुडवावे लागते. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम हा जर्मन डॉक्टर हे द्रव्य जंतुनाशक म्हणून तपासत होता; तेव्हा आपल्याच बोटांची कातडी टणक होत आहे असे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यातून ऊतक टिकविण्याचा हा उपाय जगाला मिळाला. मग तुकड्यातले पाणी काढून त्यात मेण भरावयाचे, त्याचा ठोकळा करावयाचा, आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्याचे पापुद्रे काढावयाचे. केसाच्या जाडीत पंधरा-वीस बसावेत इतका एकेक पापुद्रा पातळ! तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलला की रंगविण्याची पाळी. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून निघणारे हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रके निळी-जांभळी करते, आणि इओसिन बाकीचा सारा मुलूख गुलाबी करते. रूडॉल्फ व्हिर्चो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५८ साली रोगाचे मूळ पेशीत शोधा असे सांगितले. त्या सांगण्याला डोळे दिले ते या दोन रंगांनी. निरोगी पेशी कशा ओळीने, आपापल्या जागी, शहाण्यासारख्या बसलेल्या दिसतात. आणि कॅन्सरच्या पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, शेजारच्या घरात घुसलेल्या दिसतात. बोटाला गाठ लागते, छायाचित्रात डाग दिसतो. पण ते काय आहे, याचा निवाडा बहुतेक वेळा ही काचच करते.

आता माझे भांडण. ते तिघांशी आहे.

पहिले भांडण आमच्याच लोकांशी. गावात या परीक्षेला 'तुकडा काढणे' म्हणतात, आणि तुकडा म्हटला की माणूस दचकतो. "चाकू लागला का पसरते, भाऊ," हे वाक्य मी पानटपरीवर ऐकले आहे, लग्नाच्या मांडवात ऐकले आहे, आणि शिकल्यासवरल्यांच्या दिवाणखान्यातही ऐकले आहे. या समजुतीला जन्म देणारी घटना खरी असते. तिचा लावलेला अर्थ खोटा असतो. माणूस वर्षभर गाठ लपवितो, झाडपाला करतो, अंगारा लावतो आणि रोग पसरल्यावर दवाखान्यात येतो. तेथे तुकडा काढतात, चार महिन्यांनी तो दगावतो, आणि गाव म्हणते, तुकडा काढला म्हणून मेला! ज्याने वर्ष घालविले तो काळ सुटतो आणि ज्याने आठ दिवसांत खरे सांगितले ती सुई फासावर जाते. काही थोड्या जागच्या गाठींत सुई घालू नये, हे शस्त्रक्रिया करणारांना ठाऊक असते. वृषणाची गाठ हे त्याचे उदाहरण. सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचे प्रकारही घडतात, पण क्वचित. त्या क्वचित धोक्याचा बाऊ करून रोजचा मोठा धोका पत्करणे म्हणजे ठेच लागेल म्हणून जळत्या घरात बसून राहणे.

या भागात तर तोंडाचा प्रश्न घरोघरी आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी विचारला जातो. गालाच्या आतले अस्तर पांढरे पडते, कडक होते, पुढे तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत, तरी माणूस म्हणतो, "उष्णता झाली." तोंडातले छाले दोन-तीन आठवड्यांत बरे झाले नाहीत तर त्यांना उष्णता म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते दाखवावयाचे, आणि डॉक्टर म्हणाले तर तुकडा द्यावयाचा.

दुसरे भांडण डॉक्टरांपैकी काहींशी, आणि हे लिहिताना माझा हात जड होतो. माझी वहिनी वर्धा नदीच्या पलीकडे, वणीच्या बाजूच्या एका खेड्यात राहत असे. तिच्या छातीत गाठ आली. एका खासगी दवाखान्यात ती काढली. "साधी गाठ आहे, चरबीची," असे सांगून टाके घातले आणि चौथ्या दिवशी घरी पाठविले. मला कळले ते महिन्याभराने. तपासणीचा कागद कोठे आहे म्हणून मी विचारले, तर कागद नव्हता. मग गाठ कोठे आहे म्हणून विचारले, तर तीही नव्हती. ती त्याच दिवशी इतर घाणीबरोबर गेली होती. चौदा महिन्यांनी त्याच जागी दुसरी गाठ आली आणि काखेतही आल्या. या वेळी तुकडा तपासला; कॅन्सर निघाला. त्यानंतर तिने दोन दिवाळ्या पाहिल्या.

पहिल्या गाठीतच कॅन्सर होता असे मी म्हणत नाही. म्हणता येतच नाही! ते आता जगातला कोणताही पंडित सांगू शकणार नाही, आणि हेच माझे गाऱ्हाणे आहे. तो डॉक्टर कदाचित बरोबर असेल, कदाचित चूक असेल. त्याच्या बरोबरपणाचा पुरावा आणि चुकीचा पुरावा एकाच बादलीत गेला.

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक आहे. रोग्याजवळ पैसे नसतात. तुकडा घेऊन जाणारा माणूस मिळत नाही. अहवाल येईपर्यंत रोगी कापूस वेचावयास निघून जातो आणि परत फिरकत नाही. हे सारे खरे. परंतु शस्त्रक्रियेचे पैसे जमतात तेथे तपासणीचे जमत नाहीत, हे कसे? आणि डोळ्यांनी पाहून 'चरबीची' म्हणावयाचे, तर विकृतिशास्त्राचे विभाग हवेत कशाला? नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे १९६९ चे, आणि चंद्रपुरात २०१५ पासून महाविद्यालय आहे. सोयाबीनचे बियाणे, मोबाइल फोन आणि ऑनलाइन मागविलेली पैठणी ज्या रस्त्याने आमच्या दारात येते, त्याच रस्त्याने एक बाटली चंद्रपूरपर्यंत जाऊ शकत नाही, हे मला कोणी पटवून द्यावे.

आणि खाणीच्या गावात अंधारात औषध देण्याचा आणखी एक प्रकार होतो. खोकला, वजन घटलेले, छातीच्या छायाचित्रात डाग. येथे संशयित तीन असतात. क्षय, धूळ आणि कॅन्सर. तिघांचे डाग पुष्कळदा एकमेकांसारखे दिसतात. जंतू सापडले नाहीत तरी क्षयाची औषधे महिनोन् महिने देत राहावयाची आणि फरक पडला नाही की मग मोठ्या गावाला पाठवावयाचे, या उशिरात कॅन्सरचे फावते. यातही तुकडा नीट घेण्याची कला आहे. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये पाठवावा लागतो. कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, आणि मग क्षयाचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत. एवढीशी गोष्ट. ती चुकली की सारी परीक्षा फुकट.

तिसरे भांडण नव्या यंत्रांच्या भक्तांशी. त्यांच्याबरोबर मी अर्ध्या वाटेपर्यंत आनंदाने चालतो. या शास्त्राने अलीकडे जी मजल मारली आहे ती थक्क करणारी आहे. पूर्वी काच पाहून 'स्तनाचा कॅन्सर' एवढेच लिहीत. आता पेशीवर कोणती खूण आहे हे प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून पाहतात, आणि त्या खुणेवरून औषध ठरते. 'हर-टू' ही अशीच एक खूण. ती ओळखून तिच्यावरच घाव घालणारे औषध १९९८ साली बाजारात आले आणि पूर्वी ज्या रोगाची धास्ती वाटे त्याची चाल बदलली. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तुकड्यातील जनुके वाचून गोळी ठरवितात. २०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी काचेऐवजी तिचे संपूर्ण संगणकी चित्र पाहून निदान करण्यास प्रथम परवानगी दिली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या तुकड्यातील संशयाची जागा दाखविणाऱ्या कृत्रिम बुद्धीलाही परवानगी मिळाली. उद्या चंद्रपूरची काच परळच्या तज्ज्ञाने त्याच दुपारी पाहावी, यात अशक्य असे काही उरलेले नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर जाळ्यात देशातील शेकडो केंद्रे जोडली गेली आहेत. हे सारे यावे, लवकर यावे.

पण यंत्रभक्त येथे एक गोष्ट विसरतात. यंत्र जितके हुशार, तितका त्याला तुकडा चांगला लागतो. निळ्या-गुलाबी रंगात अर्धवट सडलेल्या तुकड्यावरूनही अनुभवी डॉक्टर काही तरी सांगू शकत. 'हर-टू'सारखी खूण पाहावयाची, तर तुकडा निघाल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे, आणि त्यात तो ६ तासांहून कमी नाही व ७२ तासांहून अधिक नाही इतकाच राहिला पाहिजे, असे जागतिक दंडक आहेत. मी ज्या बाटल्या उघडल्या आहेत त्यांत तुकडा साध्या पाण्यात पाहिला आहे, स्पिरिटमध्ये पाहिला आहे, औषधाच्या जुन्या बाटलीच्या अरुंद तोंडातून कोंबलेला पाहिला आहे. तुकड्याच्या दसपट द्रव असावा हा साधा नियम. तेथे गाठ मोठी आणि फॉर्मलिन पळीभर! अशा तुकड्याला कोट्यवधींचे यंत्र काय करणार? नासक्या दुधाला चांदीचे भांडे दिले म्हणून बासुंदी होत नाही.

याच भक्तांचे एक धाकटे भावंड आहे. ते सणाच्या जाहिरातीतून बोलते. 'दिवाळीनिमित्त खास सवलत! एका रक्ततपासणीत कॅन्सरची चिंता मिटवा!' रक्तातून गाठीच्या जनुकांचे अंश शोधण्याचे शास्त्र खरे आहे. ज्याचा कॅन्सर आधीच सिद्ध झाला आहे त्याचे औषध ठरविण्यास ते उपयोगीही पडते. पण धडधाकट माणसाच्या रक्तात 'ट्यूमर मार्कर' मोजून त्याला अभय किंवा धास्ती देणे हे शास्त्र नव्हे, दुकानदारी आहे. आकडा वाढला म्हणजे कॅन्सर असतोच असे नाही, आणि आकडा ठीक असला म्हणजे कॅन्सर नाही असेही नाही. सासूबाईंना सवलतीचे पाकीट भेट देणाऱ्या सूनबाईंनी ते पैसे ठेवावेत, आणि सासूबाई गेले वर्षभर काखेतली गाठ पदराखाली झाकीत आहेत काय, हे प्रेमाने विचारावे.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. तुकडा हा रोग्याचे औषध ठरवितो, पण त्याचे दुसरेही काम आहे. तो साक्षीदार आहे.

घुग्घुसात कोणालाही विचारा. 'या धुळीने माणसे मरतात,' असे तो सांगेल. मीही सांगतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत घातले. बाहेरची दूषित हवा माणसाला कॅन्सर देते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेने २०१३ साली दिला. तरीही घुग्घुसच्या अमुक माणसांना अमुक रोग झाला, असे न्यायासनासमोर म्हणावयाचे तर पुरावा काय दाखविणार? ओट्यावरची धूळ दाखवून भागत नाही. कंपनीचा वकील विचारील, रोगाचे नाव काय? कोणी ठरविले? कागद कोठे आहे?

दक्षिण आफ्रिकेत हेच झाले, पण तेथे तुकडे फेकले गेले नव्हते. फुप्फुसाच्या आवरणाची एक दुर्मिळ गाठ वारंवार दिसू लागली, तेव्हा वॅग्नर या विकृतिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह तिचा माग काढला आणि १९६० साली ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी त्या रोगाचे नाते जगाला प्रथम ठसठशीतपणे दिसले ते त्या लेखात. ३३ तुकड्यांनी एका बलाढ्य धंद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले! आपल्याकडेही डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी हेच केले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेथील प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, आणि १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या १००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबईत शरीराबाहेर ऊतक वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. मराठी माणसाला हे शास्त्र परके नाही. परके आहे ते आमच्या दवाखान्यातल्या बादलीला.

"हे मुंबईत ठीक; खेड्यात कसे जमणार?" असे विचारणारांना मी बार्शीकडे बोट दाखवितो. तेथील नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा स्मारक आणि फ्रान्समधील ल्यों येथील संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक खेडुत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पाहणी केली. संशय आला तेथे नीट तपासून तुकडा घेतला आणि उपचार केले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गटात विषाणूची एकच तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, अशी पाहणी न झालेल्या गटाच्या मानाने, सुमारे निम्म्यावर आले होते. दुष्काळी मुलखात, कच्च्या रस्त्यांवर हे झाले. कोळसा, सिमेंट आणि पोलाद विकणाऱ्या जिल्ह्याला ते जमत नाही असे म्हणणे, हे त्या जिल्ह्याचा अपमान करणे होय.

मला फार काही नको आहे. या जिल्ह्यात माणसाच्या अंगातून जे काही काढले जाईल ते, शास्त्राने ठरविलेले मोजके अपवाद सोडून, तपासणीस गेलेच पाहिजे. आणि जे पाठविले नाही त्याचे कारण डॉक्टरांनी कागदावर सही करून लिहिले पाहिजे. खाणीचा दवाखाना असो, ग्रामीण रुग्णालय असो की खासगी शस्त्रक्रियागृह असो, रुंद तोंडाच्या, नाव लिहिलेल्या फॉर्मलिनच्या बाटल्या तेथे कापसाइतक्या सहज मिळाल्या पाहिजेत आणि त्या नेणारी गाडी ठरल्या वारी आली पाहिजे. अहवालाच्या खाली चार ओळी मराठीत असल्या पाहिजेत. काय सापडले, आणि आता कोठे जावयाचे. ज्याच्या देहाचा तुकडा, त्यालाच तो कागद वाचता येऊ नये, हा कोठला न्याय? आणि गावोगावच्या या निदानांची नोंद एका ठिकाणी झाली पाहिजे, म्हणजे वकिलाने कागद मागितला की तो देता येईल.

यातले निम्मे सरकारने व कारखानदारांनी करावयाचे आहे. त्यांच्यामागे लागणे आपले काम. उरलेले निम्मे मात्र आजच, घरातच सुरू होते. घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली तर आधीच विचारा, "तुकडा कोठे पाठविणार? कागद कधी मिळणार?" विचारण्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने सुखावतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरला तो विचारलाच पाहिजे. कागद मिळाला की तो फायलीत जपा. काचा आणि मेणाचे ठोकळे मोठ्या रुग्णालयात मागतात, त्यांचा क्रमांकही लिहून ठेवा. मेणातला ठोकळा नीट ठेवला तर कित्येक वर्षांनीही त्यातून नवी काच काढता येते आणि आज नसलेली परीक्षाही उद्या करता येते.

आणि भाऊबीजेला एक करा. निरांजन ओवाळून झाले की बहिणीने ओवाळणीच्या ताटात हात घालण्याआधी भावाला म्हणावे, "तोंड उघड. तीन बोटे घाल पाहू." बोटे गेली नाहीत, किंवा गालात पांढरा चट्टा दिसला, तर ओवाळणी राहू द्यावी आणि पाडव्याचा, बीजेचा आळस झटकून दवाखाना उघडेल त्या पहिल्या दिवशी त्याला हाताला धरून न्यावे. खिशातली खर्र्याची पुडी तेवढी आधी काढून घ्यावी. बादलीत टाकावयाची वस्तू ती आहे.